आडवं करून बघा

"दुष्काळ कुठंय म्हणता? हा बघा, इथं लपलाय!" असं म्हणत डॉक्टरांनी हातातली पट्टी आक्काच्या पोटात खुपसली. "दुष्काळी कामावर वाटलेली सगळी सुकडी हिनंच खाल्लेली दिसते."

एक्स-रेच्या खोलीतला कारकून हसला. नर्स हसली. मीही हसलो.

आक्का माझी थोरली बहीण. सख्खी.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुझ्याच गावची ना रे? नात्यातली का?"

"नाही, साहेब."

आक्कानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पदर सावरत म्हणाली, "न्हाई सायेब. मी न्हाई वळखत ह्यांना."

जिच्या कडेवर मी वाढलो, ती मला 'ह्यांना' म्हणाली. माझी नोकरी राखायला.

नगरातल्या एका दवाखान्यात मी मदतनीस. पोटाचा फोटो काढण्याआधी पेशंटला पाजायचं पांढरं बेरियम कालवायचं, हे माझं काम. पैसेवाल्यांना काचेच्या ग्लासात, साखर घालून. फुकटवाल्यांना जर्मनच्या चेपलेल्या मगात. पिताना निम्म्यांना उमळून यायचं, मगातच ओकायचे. मी महारवाड्यातला. दुपारचा चहा मला त्याच मगात मिळे. आपला आपण विसळायचा आणि पुढं करायचा. बारा वर्षं केला. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही.

तपासणीचाही रिवाज होता. पैसेवाल्याला टेबलावर आडवं करायचं, टेबलाचं डोक्याकडचं टोक खाली झुकवायचं, नीट बघायचं. फुकटवाल्याला उभं करायचं, दोन फोटो, हाकला. कुठं लिहिलेलं नव्हतं. सगळ्यांना पाठ होतं. मलाही.

आक्का मिरजगावाकडं दुष्काळी कामावर खडी उचलायला जाई. वाकली की छातीत आग उठे, खाल्लेलं आंबट होऊन तोंडात येई. रात्र बसून काढायची. अंगानं जाड; लेकरं झाल्यावर सुटली ती सुटलीच. वाळलेल्या बायांत ती डोळ्यांत भरायची. मुकादम म्हणाला, "वाकाया येत न्हाई तर डाक्टरचा कागद आन, पानी वाटायला लावतो. न्हाईतर हजेरीवरनं नाव गेलं." कागद नाही तर काम नाही, काम नाही तर चूल नाही. म्हणून ती आली होती.

मी तिला मगातलं बेरियम पाजलं, उभी करून दोन फोटो झाले, आणि डॉक्टरांनी तिच्या केसपेपरवर लिहिलं: जाडी, आजार नाही. वर म्हणाले, "कमी खा. पोट कापून चरबी काढायची सोय असती ना, तर पहिली तुलाच टेबलावर घेतली असती."

पुन्हा हसले सगळे. आक्का बाहेर गेली.

आदल्याच दिवशी देवळाली प्रवऱ्याकडच्या एका बागायतदाराची बायको येऊन गेली होती. तशीच जाड. तीच आग, तेच आंबट पाणी. तिला आडवं केलं, डोकं खाली केलं, तेव्हा जठराचा वरचा भाग छातीत सरकलेला दिसला. हर्निया. "उभं राहिलं की तो खाली येतो, वहिनी, मग फोटोत सापडत नाही," डॉक्टरांनी तिला समजावलं. मी ग्लास धरून ऐकत होतो. म्हणजे आज आक्काला उभी केली तेव्हा त्यांना ठाऊक होतं. आणि मलाही.

चहा आला. तो जर्मनचा मग तोंडाशी नेला. काठावर पांढरा ओघळ वाळलेला. आक्काचा. गडबडीत मी विसळलाच नव्हता. किळस आली ती माझीच.

चहा मोरीत ओतला. बाहेर आलो. आक्का लिंबाखाली बसलेली.

"बरं केलंस," ती म्हणाली. "तुजी नोकरी हाय. मी काय, आले आन चालले. चा पिलास का?"

तिचा हात धरला आणि आत नेलं.

"साहेब, हिला आडवं करून बघा. काल बाईंना बघितलं तसं."

"तू कधी डॉक्टर झालास?"

"ही माझी बहीण आहे."

"मघाशी तर नव्हती."

"मघाशी खोटं बोललो."

"हो बाहेर!"

"होतो. पण मग बाहेरच्या तिघांचं बेरियम तुम्हीच कालवा." ते तिघं पैसेवाले होते. सकाळपासून उपाशी बसले होते.

डॉक्टरांनी दात-ओठ खाल्ले. मी काचेच्या ग्लासात बेरियम कालवलं, साखर घातली. आक्का घाबरून म्हणाली, "अरं, त्यो जर्मनचा मगच दे. हे फुटंल."

"फुटू दे."

दिवा मालवला. टेबल झुकलं. हिरवट पडद्यावर तो पांढरा ठिपका हळूहळू वर सरकला, छातीत गेला, लिंबाएवढा झाला. कोणी हसलं नाही. डॉक्टरांनी आधीचं खोडून नवीन लिहिलं. कागद टेबलावर टाकला. हातात दिला नाही.

आक्काला पाणी वाटायचं काम मिळालं. आग तशीच आहे. अजून बसूनच झोपते. ती तर झालेलं विसरूनही गेली. मी विसरणार नाही. बारा वर्षांत ज्या बाया मी पाजून उभ्या केल्या आणि हाकलल्या, त्यांच्या छातीत काय होतं, कोणाला ठाऊक? त्यांची नावंही मी विचारली नव्हती.

महिन्याच्या आत मला चादरी धुवायला टाकलं. जाताना मगाच्या बुडाला खिळा ठोकून भोक पाडलं.

चादरी वाळत घालतो तिथून फुकटवाल्यांची रांग दिसते. रोज हात पुसून तिथं जातो. सांगतो: छातीत आग होत असेल तर आडवं करून बघा म्हणा. नाही म्हणाले तर बेरियम पिऊ नका, आणि दारातून हलू नका. कोणी विचारलं तर माझं नाव सांगा.

परवा साहेबांनी बोलावून दम दिला. उद्याही जाणार आहे.