कषायाचा रकाना

जे. पी. नगरच्या आमच्या घरात फ्रीजच्या दारावर एक तक्ता लावलेला असतो. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर पट्टीनं रेघा मारून केलेला, दर महिन्याला नवा. त्यावर तारीख, सकाळची कॅप्सूल, तिच्याबरोबर काय खाल्लं, रात्रीची कॅप्सूल, तिच्याबरोबर काय खाल्लं, असे रकाने आहेत. मथळे कन्नडमध्ये आहेत, कारण तक्ता माझे सासरे करतात. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे, कन्नड मुलुखात आलं. घरात मराठी टिकली, पण शाळा कन्नड, त्यामुळे ते बोलतात मराठी आणि लिहितात कन्नड. सगळं घर त्यांना अण्णा म्हणतं, म्हणून मीही. मी पुण्याची. लग्नानंतर सहा वर्षं कन्नड शिकायचं टाळलं आणि शेवटी अक्षरं ओळखायला शिकले ती फ्रीजसमोर उभी राहून.

आजार सांगायचा तर मल्टिपल स्क्लेरोसिस. त्यातला अटॅक येऊन ओसरणारा प्रकार. आधी डाव्या डोळ्यापुढे धुरकट काच आल्यासारखं झालं, ते महिन्याभरात निवळलं आणि मी ते कामाच्या ताणावर ढकललं. वर्षभरानं एकदा ऑफिसच्या बसमधून उतरून बरीच पुढे गेले तेव्हा मागून कोणीतरी हाक मारली. माझी उजव्या पायातली चप्पल पायरीवरच राहिली होती आणि पायाला त्याची खबरच नव्हती. मला त्या दिवशी वाटलेली भीती अजून तशीच आठवते. चप्पल हातात घेऊन मी महादेवपुऱ्याच्या त्या भर रहदारीत उभी होते आणि पायाकडे दुसऱ्या कोणाचा असावा तसं बघत होते.

मग तपासण्या झाल्या आणि डॉक्टरीणबाईंनी कॅप्सूल सुरू केली. दिवसातून दोनदा, अख्खी गिळायची, फोडायची नाही, चावायची नाही, आणि पोटात काहीतरी तेलतुपाचं असताना घ्यायची. एखादी चुकली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. मनानं बंद करायची नाही. ठरलेल्या महिन्यांनी रक्त द्यायचं, कारण हिच्यामुळे पांढऱ्या पेशी खाली जाऊ शकतात आणि यकृतावरही नजर ठेवावी लागते. मी सगळं मोबाइलमध्ये टिपून घेतलं. माझं कामच सॉफ्टवेअर तपासण्याचं, दुसऱ्यांच्या चुका काढायचा मला पगार मिळतो. सूचना पाळणं म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको, अशी माझी पक्की समजूत होती.

ती तिसऱ्याच आठवड्यात मोडली. त्या दिवशी संकष्टी होती. मी काही फार देवभोळी नाही, पण आईनं लावलेला उपास सुटत नाही. सकाळी कोऱ्या कॉफीबरोबर कॅप्सूल घेतली आणि ऑफिस गाठलं. मीटिंगमध्ये बोलता बोलता कानाच्या पाळ्या तापल्या, मग मान, मग चेहरा. समोरच्या काचेत पाहिलं तर बीट सोलून ठेवावं तशी मी. पोटात मुरडा येत होता तो वेगळा. टीममधल्यांना वाटलं मी भयंकर चिडले आहे. त्या दिवशी त्यांनी माझ्या एकूण एक सूचना विनातक्रार मान्य केल्या, हा त्यातला फायदा.

संध्याकाळी ही हकिगत मी गंमत म्हणून सांगितली. नवरा हसला. अण्णा हसले नाहीत. ते विमानाचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात तीस वर्षं स्टोअर कीपर होते. एक वॉशर जरी नोंदीशिवाय बाहेर गेला तरी वर काय होऊ शकतं, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. उपास कर, पण चंद्रोदयापर्यंत रिकाम्या पोटी ही गोळी नाही, असं त्यांनी सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी फ्रीजवर तक्ता आला. तेव्हापासून संकष्टीला सकाळी माझ्यापुढे तुपातली साबुदाण्याची खिचडी दाण्याचं कूट दुप्पट घालून येते, आणि एरवी दोश्यावर तूप. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. स्वयंपाकघर अण्णांचं आहे आणि तिथं माझं काही चालत नाही, याचं मला मुळीच दुःख नाही.

तीन वर्षं गेली. एकही अटॅक आला नाही. मी चालत होते, जिने चढत होते, ऑफिसात भांडत होते. मग एका तपासणीत पांढऱ्या पेशी थोड्या कमी दिसल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाबरण्यासारखं नाही, लक्ष ठेवू, पुढचं रक्त सहाऐवजी चार महिन्यांनीच करू. मी घरी तेवढंच सांगितलं. अण्णांनी त्यातलं ‘कमी’ एवढं उचललं.

आमच्या दारातल्या कडुनिंबावर गुळवेल चढलेली आहे. इकडे तिला अमृतबळ्ळी म्हणतात, म्हणजे अमृताची वेल. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दारावर टकटक झाली. अण्णा पितळी पेला घेऊन उभे. गुळवेलीचा काढा, म्हणजे इकडचं कषाय, मिरं-जिरं घालून उकळलेलं. “स्वल्प कडू आहे,” ते म्हणाले. “एका दमात पी. शक्ती येते.”

अण्णा मितभाषी आहेत. माझं निदान झालं त्या दिवशी ते मला एक शब्द बोलले नव्हते, फक्त माझ्या खोलीतला घसरणारा गालिचा गुंडाळून माळ्यावर टाकला होता. अशा माणसानं पहाटे उठून काही उकळून आणावं आणि आपण नाक मुरडावं, एवढी मी पुणेरी उरलेली नाही. मी प्याले. रोज प्याले. चार महिने.

पुढच्या रक्तात पेशी जागेवर आल्या होत्या, पण यकृताचा आकडा चढला होता. बराच. डॉक्टरीणबाईंनी दुसरी कोणती औषधं चालू आहेत का विचारलं, मी नाही म्हणाले. तापाच्या, दुखण्याच्या गोळ्या? नाही. आणखी काही? काहीच नाही. मी खोटं बोलत नव्हते. औषध म्हणजे पाकिटावर नाव, तारीख आणि इंग्रजीत घडी घातलेला कागद. सकाळचा पेला म्हणजे घर. ते डॉक्टरांना सांगायचं असतं हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

त्यांनी स्पष्ट सांगितलं, की आकडा असाच वर गेला तर कॅप्सूल बंद करावी लागेल आणि दुसरं काही शोधावं लागेल. स्वतःहून आज बंद करू नका, पण डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अन्न नकोसं झालं, तर त्याच दिवशी या. आठवडाभर तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट लिहा आणि पुन्हा रक्त देऊन या.

त्या संध्याकाळी घरी येताना मला रडू आलं. एवढं म्हणजे रिक्षावाल्यानं आरसा दुसरीकडे वळवला. जे औषध लागू पडलंय तेच सोडायचं, आणि नवीन लागू पडेपर्यंत पायाकडे बघत बसायचं. मला ती चप्पल आठवत होती. घरी आल्यावर मी सगळं सांगितलं आणि प्रत्येक गोष्ट लिहायची आहे तेही सांगितलं. अण्णा ऐकत होते. पुढच्या सकाळपासून ते वर्तमानपत्र घेऊन मला खिडकीशी उजेडात बोलवायचे, कुठली तरी बातमी दाखवायचे आणि बातमीऐवजी माझ्या डोळ्यांत बघायचे.

मी माझ्या परीनं लिहीत होते: इडली, सांबार, दोन कॉफ्या, ऑफिसातलं सँडविच. कधी सँडविचवर संशय, कधी कँटीनच्या तेलावर. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं चाललं होतं. पाचव्या दिवशी सकाळी पेला आला नाही. मी स्वयंपाकघरात गेले तर अण्णा फ्रीजसमोर पट्टी आणि पेन घेऊन उभे होते. तक्त्याच्या उजव्या कडेला त्यांनी एक नवा रकाना आखला होता आणि वर कन्नडमध्ये लिहिलं होतं, कषाय. खाली पहिल्या तारखेपासून कालपर्यंत रोजच्या ओळीत एक एक पेला मांडला होता.

मी म्हणाले, अण्णा, ते काय औषध आहे का. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “स्टोअरमधून गेलं म्हणजे गेलं. लिहायला पाहिजे होतं.”

आठव्या दिवशी ते माझ्याबरोबर आले. मी नको म्हणाले तरी इस्त्रीचा शर्ट घालून, तक्त्याची गुंडाळी हातात घेऊन. डॉक्टरीणबाईंनी तो टेबलावर पसरला. त्यांना कन्नड येत होतं, त्यामुळे मधे मी नव्हतेच. त्यांचं बोट शेवटच्या रकान्यावर थांबलं. हे कधीपासून, त्यांनी विचारलं. चार महिने, अण्णा म्हणाले. कोण देतं? “मी देतो,” ते म्हणाले, आणि उभे राहिले. साहेबापुढे उभं राहावं तसे.

बाईंनी त्यांना बसवलं. रागावल्या नाहीत. गुळवेलीचा काढा काहींच्या यकृताला बाधतो, असे रुग्ण त्यांनी पाहिले होते. शिवाय या आजारात शरीराचं संरक्षण करणारी ताकदच वाट चुकून नसांवर उठते. कॅप्सूल तिला शांत ठेवते. प्रतिकारशक्ती वाढवायची म्हणून जे देतो ते तिला उलट जागं करू शकतं. या वेळच्या रक्तात आकडा आणखी चढला नव्हता, तेव्हा कषाय कायमचं बंद, कॅप्सूल तूर्त चालू, दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त. पुढे घरचं, बाहेरचं, झाडाचं, काहीही विचारल्याशिवाय नाही. माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, मी तुम्हाला तीनदा विचारलं होतं. मी मान खाली घातली. दुसऱ्यांच्या चुका काढायचा मला पगार मिळतो, हे मी त्यांना सांगितलं नाही.

 रिक्षात मी बरंच बोलले, की चूक माझी आहे, विचारलं मला होतं, तुम्हाला नव्हतं. अण्णा फक्त सरी, सरी, म्हणजे बरं, बरं, म्हणत राहिले. घरी आल्यावर कोयती घेऊन त्यांनी कडुनिंबावरची वेल बुंध्यापासून तोडली. मला खिडकीतून ते बघवेना, आणि थांबा म्हणायचा धीरही झाला नाही.

दोन आठवड्यांनी आकडा उतरला. त्यानंतर सहा आठवड्यांनी अगदी जागेवर आला. कॅप्सूल चालू ठेवा, बाई म्हणाल्या. मी दवाखान्याच्या पायरीवरूनच घरी फोन केला.  अण्णांचं उत्तर, “सरी. दोसा करतो,” एवढंच.

आता त्याला वर्ष होऊन गेलं. मी चालते आहे, मजेत आहे, ऑफिसात अजून भांडते. तोडलेल्या वेलीनं वरूनच बारीक मुळं खाली सोडली आणि ती पुन्हा मातीला टेकली. नावाप्रमाणेच चिवट निघाली. अण्णा तिला पाणी घालतात, पान तोडत नाहीत. दर महिन्याला नवा तक्ता येतो आणि त्यात तो सहावा रकाना असतोच. रोज सकाळी कॅप्सूल आणि दोश्याच्या नोंदीनंतर अण्णा त्यात कन्नडमध्ये लिहितात, इल्ला. म्हणजे नाही. रोज एक इल्ला, ओळीनं तीस.

गेल्या महिन्यात मी म्हटलं, अण्णा, सगळं ठीक आहे, आता तरी तो रकाना काढून टाका, जागा वाचेल. त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

“तू पाच रकाने बघ,” ते म्हणाले. “सहावा माझा आहे.”

 दोसा गरम होता, त्यावर तूप होतं, मी बसून तो पूर्ण खाल्ला आणि त्यांच्यासमोर कॅप्सूल घेतली.