बाबांचं नाव

पक्षाघातानंतर आईचा उजवा हात बराच सुधारला, पण बोलणं गेलं ते गेलंच. चहा पाहिजे? "हो." चहा नको? "हो." आमगावच्या बाजारात जिचा आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा, ती बाई एका शब्दावर आली होती. माझा जीव थाऱ्यावर राहीना.

नागपूरच्या डॉक्टरांनी चुंबकाचा उपचार सुचवला. डोक्याजवळ यंत्र धरतात, टकटक आवाज होतो आणि मेंदूला चुंबकाचे हलके ठोके बसतात. आईला इजा डाव्या बाजूला, अन् ठोके मात्र उजवीकडे! मी भडकलेच. डॉक्टर म्हणाले, बोलण्याचं काम डावीकडचं. ती बाजू दुबळी झाली की उजवी तिला उगाच दाबते. उजवीला जरा शांत केलं तर डावीला काम करता येईल, कदाचित. त्या 'कदाचित'चा मला असा राग आला म्हणून सांगू!

आई, बाबा आणि मी तिथंच एक खोली घेऊन राहिलो. यंत्र झालं की लगेच बोलण्याचा सराव. सराव घेणाऱ्या मॅडम चित्रं दाखवत, आईनं नाव सांगायचं. आम्हाला आत सोडत नसत, काय झालं ते मॅडम नंतर बाहेर येऊन सांगत. बाबा बाकावर खांद्यावरचा दुपट्टा पिळत बसायचे, मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालायची. हळूहळू 'गाय' आलं, 'धान' आलं, एक दिवस माझं नावही आलं. मी तर तिथंच नाचले. फक्त नवऱ्याचं नाव येईना. मॅडम रोज विचारत, आई रोज गप्प.

बाबांनी त्याचा धसकाच घेतला. धड जेवेनात. एकदा म्हणाले, "पोरी, तिले मी आठवून नाई राहिलो का?" मी तशीच उठले आणि डॉक्टरांना म्हटलं, ठोके वाढवा ना जरा! "असं नसतं ताई," एवढंच ते म्हणाले.

शेवटी मॅडमनी आम्हा दोघांनाही आत बोलावलं. बाबांना आईसमोर बसवलं, नावाचं पहिलं अक्षर स्वतः उच्चारलं आणि म्हणाल्या, "आजी, पुढचं तुम्ही सांगा." आईनं ओठ घट्ट मिटले. त्यांनी पुन्हा विचारलं. आईनं पदर डोक्यावर ओढला, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. अव माय! आमच्याकडची कोणती बाई नवऱ्याचं नाव घेते? लग्न झाल्यापासून तिनं 'का जी' म्हणूनच हाक मारली होती. घाबरण्याच्या नादात हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

मी काही बोलणार तेवढ्यात बाबाच पुढं झुकले. "घे ना व नाव. अठी कोणी नाई हासत."

आई चिडली. शब्द जुळवायला तिला वेळ लागला, पण जुळले.

"नाव कायले घेऊ जी? समोरच तं... बसून राहिले!"

आजारपणानंतरचं तिचं पहिलं पुरं बोलणं. मॅडमचा पेन तसाच थांबला. बाबांनी दुपट्ट्यात तोंड खुपसलं, त्यांचे खांदे हलत होते.

"नको घेऊ व," ते म्हणाले. "कधीच नको घेऊ."