ओठांवर बसवलेलं वाक्य

तिचा चेहरा कुणालाच माहीत नव्हता, पण तिनं तोंड उघडलं की दुकानदार हातातलं काम थांबवून मान वर करायचा. तुम्हाला कुठंतरी ऐकलंय, म्हणायचा. मग ती खालच्या सुरात, जरा नाकातून एक वाक्य टाकायची, "या घरात माझ्या परवानगीशिवाय पानही हलत नाही." दुकानदार खूश. एका परदेशी मालिकेत एक खाष्ट थोरली जाऊ होती. सतत कुणाचा तरी संसार मोडायला निघालेली ती बाई मराठीत बोलायची ती हिच्या आवाजात. मालिका वर्षानुवर्षं चालली आणि हिचं घरही त्याच जावेवर चाललं.

घरात तिला रेडिओ म्हणत. हे नाव बाबांनी ठेवलेलं. बाबांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे या विषयात त्यांचा शब्द शेवटचा. लहानपणी ती बोलायला लागली की थांबायची नाही, तेव्हा ते आल्यागेल्याला सांगायचे, की माल चांगला आहे, फक्त बंद करायचं बटण द्यायला कंपनी विसरली. बाबा स्वतः मात्र कमी बोलणारे. कुठलाही टीव्ही समोर आला की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं: "उघडून बघितल्याशिवाय काही सांगता येत नाही." पुढं पुढं ते हे वाक्य सगळ्यालाच लावायला लागले. पाऊस पडेल का, मुलगा पास होईल का, रेडिओला सांगून आलेलं स्थळ बरं आहे का. त्या स्थळाच्या बाबतीत तेवढं उघडून बघितलं, आणि ती वर्षाच्या आत माहेरी परत आली. त्यानंतर बाबा तिच्यापुढं ते वाक्य बोलत नसत.

डबिंगचं काम लोकांना वाटतं तितकं आवाजाचं नाही, ते डोळ्यांचं काम आहे. काचेच्या पलीकडे रेकॉर्डिस्ट बसतो, समोर पडद्यावर परकं माणूस परक्या भाषेत ओठ हलवतं, आणि आपण त्या ओठांवर आपलं वाक्य बसवायचं. ओठ कुठं मिटतात ते सांभाळायचं, वाक्य कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं ते सांभाळायचं, मधलं बरंचसं चालून जातं. लिहून आलेलं वाक्य कधी तोकडं पडतं. मग पात्राच्या स्वभावाला शोभेल असं काहीतरी पदरचं घालायचं आणि पुढं जायचं. ओठ हलतायत आणि आवाज नाही, ही या धंद्यातली सगळ्यात मोठी चूक. तिच्या सगळ्या वर्षांत ती चूक तिच्या हातून एकदाही झाली नव्हती, आणि याचा तिला मनातून अभिमान होता.

मधे एका कंपनीसाठी तिनं महिनाभर नुसती वाक्यं वाचली. वाक्यांना आगापिछा नव्हता. पिवळ्या पेटीत चमचे आहेत. उद्या कुत्रा लवकर उठेल. मला यातलं काही नको. हे कशासाठी, असं विचारल्यावर तिथल्या तरुण इंजिनिअरनं सांगितलं, यंत्राला बोलायला शिकवतोय. तिला मजा वाटली. घरी येऊन तिनं बाबांना सांगितलं, की आता रेडिओ रेडिओला शिकवतोय. बाबा पोटभर हसले.

पुढं मालिकेचं नवं पर्व आलं तेव्हा स्टुडिओतून फोन आला नाही. शेवटी तिनंच केला. रेकॉर्डिस्ट आढेवेढे घेत म्हणाला, यंदा सगळं यंत्रावरच करतायत. मग तिला बरं वाटावं म्हणून पुढं म्हणाला, "पण ताई, जावेचा आवाज तुमचाच ठेवलाय हां. मग काम गेलं असं तरी कसं म्हणायचं?" तो चेष्टा करत होता की समजूत घालत होता, हे तिला कळलं नाही. बहुतेक त्यालाही कळलं नसावं.

त्याच दिवसांत बाबा दुकानात, हातात स्क्रूड्रायव्हर असताना खुर्चीतून घसरले.

मेंदूच्या मागच्या बाजूला झटका आलाय, असं डॉक्टर म्हणाले. समज शाबूत आहे, ऐकू येतं, सगळं कळतं. पण हातपाय गेले, मान गेली, घशातून आवाज निघत नाही, गिळता येत नाही. पापण्यासुद्धा त्यांच्या ताब्यात नव्हत्या, त्यामुळे डोळे मिटले तर हो, हा सोपा उपायही बाद झाला. ओठ तेवढे हलत होते.

आई पलंगाच्या कडेला उभी राहून त्या ओठांकडे बघत राहिली. मग वळून लेकीला म्हणाली, "काय म्हणतायत गं हे? तुझं तर कामच आहे."

पहिल्यांदा तिनं जे सांगितलं ते खरं होतं. पांघरूण पायावर जड होतंय, असं तिला ओठांवरून वाटलं. पांघरूण काढलं आणि बाबांचा चेहरा सैल झाला. दुसऱ्या दिवशी डोळ्यांवर येणारा दिवा तिनं असाच ओळखला. वॉर्डातल्या नर्सही तिला बोलवायला लागल्या. काम गेलेल्या माणसाला काम मिळालं. दादा दुसऱ्या शहरात नोकरीला होता, तो फोनवर म्हणायचा, बाबांना विचार, आणि ती विचारून सांगायची. भेटायला येणारे पलंगाशी बसत, बाबांचे ओठ हलत आणि ती बोले. बाबांच्या स्वभावाचं, बाबांच्या ढंगाचं. लोक हसायचे. जाताना म्हणायचे, अजून तसेच आहेत हो, काही फरक नाही.

फक्त वाक्यं लांबत चालली होती. पांघरूण आणि दिवा ओळखणं सोपं होतं. बाबा काही लांबलचक बोलायला लागले की त्यातलं तिला एखादं टोक दिसायचं, बाकी धुकं. पण आई तोंडाकडे बघत असायची, आणि हलत्या ओठांवर आवाज न घालता गप्प राहणं तिला जमत नव्हतं.

मग पोटात नळी घालायचा प्रश्न आला. नाकातली नळी फार दिवस चालत नाही, पोटात घातली की तिथून अन्न देता येतं, घरी नेता येतं, ती वर्षानुवर्षं राहते. पण डॉक्टर चांगला होता. तो म्हणाला, यांना सगळं कळतंय, तेव्हा यांच्या मनात काय आहे ते मला ऐकायचंय. त्यानं वाकून, शांतपणे, सगळं बाबांना समजावलं. नळी नाही घातली तर काय होईल तेही लपवलं नाही. मग तो बाजूला झाला.

बाबा बोलले. खूप वेळ बोलले. मधे थांबले, पुन्हा बोलले. ती डोळ्यांत तेल घालून बघत होती आणि तिला काहीही दिसत नव्हतं. खालचा ओठ थरथरत होता, अर्धं तोंड साथ देत नव्हतं. ते थांबले. आई, डॉक्टर, दाराशी उभी असलेली नर्स, सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"म्हणतायत," ती म्हणाली, "उघडून बघितल्याशिवाय काही सांगता येत नाही."

आईला हसता हसता रडू फुटलं. डॉक्टरही हसला. एवढा वेळ बोलले ते तेवढंच होतं का, असं त्यानं विचारलं. घरी जायचंय, काय करायचं ते करा म्हणतायत, असं तिनं जोडून दिलं. वाक्य पात्राला इतकं शोभून दिसत होतं, की शंका घ्यायला कुणाला जागाच उरली नाही. दोन दिवसांनी नळी बसली.

स्वप्नं तिला लहानपणापासून लख्ख पडायची, रंगीत, पार्श्वसंगीतासकट. त्या दिवसापासून एकच पडायला लागलं. बाबा एका मोठ्या जुन्या टीव्हीच्या आत मांडी घालून बसलेत, हातात सोल्डरिंगची तापलेली सळई, आणि बोलतायत. आवाज स्वच्छ, एकेक शब्द ओठांवर चपखल. ती बाहेरून बघतेय आणि मनाशी म्हणतेय, वा, काय बसलंय. एकदा तर त्यांना एका सिनेमातल्या नटाचा खर्जातला आवाज होता आणि तिलाही ते मुळीच वावगं वाटलं नाही. जाग आल्यावर सगळं आठवायचं, सळईचा धूर, काचेवरची धूळ, त्यांच्या शर्टाचं लोंबणारं बटण. ते काय बोलले तेवढं आठवायचं नाही.

बाबा घरी आले. पिठूळ, पांढरं, डब्यातलं अन्न पिशवीतून पोटात जायला लागलं. आई भिंतीला टेकून मालिका लावून बसायची, ती पलंगाशी. व्यायाम करून घ्यायला माणूस यायचा तेव्हा बाबांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. जोर लावतायत म्हणून, असं ती आईला सांगायची. संध्याकाळी आई विचारायची, आज काय म्हणाले, आणि ती काहीबाही सांगायची. बाबा तिच्याकडे बघत. त्या बघण्यात काय आहे, हे ती स्वतःला विचारत नसे.

एक दिवस बाबांच्या डाव्या हाताचा अंगठा हलला. दादानं लगेच एक टॅबलेट पाठवला, आणि तो शिकवायला वाचा-उपचार करणारी एक मुलगी आली. पडद्यावर मोठी चित्रं होती, चित्राला बोट लागलं की यंत्र बोलतं. मुलीनं भाषा निवडली आणि जरा ओशाळून म्हणाली, आपल्या भाषेत यात पुरुषाचा आवाज नाहीये, बाईचा एकच आहे, चालेल ना? तिनं तपासण्यासाठी एका चित्राला बोट लावलं.

"मला यातलं काही नको," यंत्र म्हणालं.

आई थक्क झाली. मग टाळी वाजवून म्हणाली, "अगं, ही तर तूच. आता मेलं तुझ्यावाचून अडायचं नाही काही." मुलगीही हसली, तिला हा योगायोग फार गोड वाटला. रेडिओ हसली नाही. बाबांचा अंगठा काचेवर ठेवलेला होता आणि ते लेकीकडे बघत होते.

मुलगी गेल्यावर आई बाहेरच्या खोलीत मालिका लावून बसली. तिकडून थोरली जाऊ कुणालातरी झापत होती. लेक पलंगाशी बसली. पडद्यावर दोनच चित्रं ठेवली, हो आणि नाही. आधी सोपं विचारलं. पांघरूण जड होतंय का? नाही. आज मंगळवार आहे का? बाबांनी अंगठा सरकवला, यंत्र तिच्या आवाजात म्हणालं, हो. त्या दिवशी मंगळवारच होता. सगळं बरोबर चालत होतं. आता थांबावं असं तिला वाटलं. पण गेले दोन महिने जे मनात घर करून होतं ते विचारायची ही एकच संधी होती, आणि उत्तर हो आलं असतं तर ती सुटली असती.

"बाबा," ती म्हणाली, "नळीचं विचारलं तेव्हा तुम्ही हो म्हणाला होतात ना?"

अंगठा जागचा हलेना. मग सरकला.

"नाही."

"मला दिसलं नव्हतं नीट. पण साधारण तसंच काहीतरी म्हणालात ना?"

"नाही."

स्वतःचाच आवाज होता. स्वच्छ, न दुखावलेला, त्या महिनाभरात पगारी वाचलेला. बाबांचे ओठही हलायला लागले होते, त्याच लांब वाक्यासाठी, आणि अंगठा थांबत नव्हता. नाही. नाही.

"कुणाला नाही म्हणतेस गं सारखी?" आई दारात आली. "काय झालं? काय म्हणतायत हे?"

तिच्या तोंडाशी खरं आलं होतं. पण आई दारात पदराला हात पुसत उभी होती. सकाळ-संध्याकाळ पिशवी टांगणारी आई, हे बरे होणार असं मनाशी धरून जगणारी. शिवाय नळी घातलेली होती, आणि ती काढा असं आता कोण कुणाला सांगणार होतं?

"टीव्ही नको म्हणतायत," ती म्हणाली. "आवाजाचा त्रास होतोय."

"एवढंच ना," म्हणत आईनं जाऊन टीव्ही बंद केला. घर एकदम गप्प झालं. बाबांचा अंगठा काचेवरून घसरून चादरीवर आला.

त्यानंतर त्यांनी टॅबलेटला हात लावला नाही. वाचा-उपचारवाली दोनदा येऊन गेली, अंगठ्यातली ताकद गेली असेल म्हणाली. दादा फोनवर म्हणाला, चार्जिंग बघा. ती रोज चार्जिंग करून टॅबलेट त्यांच्या हाताखाली ठेवायची आणि रोज तो तसाच राहायचा. एकदा खोलीत कुणी नसताना तिनं त्यांची माफी मागितली. बाबांनी वर छताकडे बघितलं.

मग ओठही हलायचे थांबले. आधी पाहुण्यांसमोर, मग सगळ्यांसमोरच. ती संध्याकाळी आईला सांगायची ती वाक्यं आखूड होत गेली. बरं वाटतंय. झोपायचंय. एक दिवस तिनं सांगून टाकलं की आज काही म्हणाले नाहीत.

आई पिशवी टांगत होती. तिचा हात वरच्या वर थांबला. "असं कसं काही म्हणाले नाहीत?" ती म्हणाली. तिचा चेहरा भीतीनं एवढासा झाला होता. "दिवसभरात काहीतरी म्हणाले असतील. नीट बघ जरा."

ती उठली आणि पलंगावर वाकली. बाबांचे डोळे उघडे होते, ओठ घट्ट मिटलेले. तिनं बराच वेळ बघितलं. मागं आई हात तसाच वर धरून वाट बघत होती.

"म्हणतायत," तिनं सुरुवात केली.