पाणी बंद करणारा

इकडे उत्तरेत, जानकीपुरमच्या आमच्या गल्लीत पहाटे एक म्हातारा पाणी सोडायला येतो. नाव मी कधी विचारलं नाही. वॉल्व्हची लांब लोखंडी चावी तो इतक्या हळू फिरवतो, जणू पाणी झोपलंय आणि दचकून उठेल.

एकदा नागपूरचे पाहुणे यायचे होते. अर्धवट झोपेतच मी फाटकाशी गेले. "चाचा, आज थोड़ी देर और चलने दीजिए ना."

तो अदबीनं हसला. "बिटिया, खोलने पर तो सब दुआ देते हैं. नौकरी हमारी बंद करने की है."

चावी उलटी फिरली. मी चिडून तिथंच उभी राहिले. धुक्यात, जमिनीखालून पाणी सुळसुळत मागच्या गल्लीकडे निघालं, आणि जरा वेळानं तिकडे कुणाच्या तरी रिकाम्या बादलीत पहिली धार वाजली.