फोर्कलिफ्टवरच्या वहिनी

आदिलाबादच्या कॉलेजात आम्ही माल उचलायच्या गाड्या चालवायला शिकत होतो, तेव्हा वर्गात एकच बाई होत्या. बेला गावाहून रोज बसने यायच्या; माझं गाव त्याच वाटेवर पुढे होतं. आम्हा पोरांपेक्षा बऱ्याच मोठ्या, म्हणून सगळे त्यांना वहिनी म्हणायचे. नाव कुणी विचारलंच नाही.

फोर्कलिफ्टचा मागे येतानाचा भोंगा बिघडलेला होता. वहिनी तो तोंडाने वाजवायच्या. "सरका रे, मी मांगं येऊन राह्यलो!" असं ओरडत त्या गाडी मागे घ्यायच्या, मागे कुणी नसलं तरी. आम्ही नक्कल करून हसायचो, त्याही हसायच्या. आता मी मंचेरियलच्या गोदामात असतो. इथले भोंगे नीट वाजतात, पण मला कधी कधी तो आवाज हवासा वाटतो.

परीक्षेच्या दिवशी वहिनींनी कापसाची गाठ वर उचलली आणि ती कलली. सरळ करायला मी धावत तिच्याखाली गेलो. हैदराबादहून आलेले परीक्षक घड्याळ बघत ओरडले, "रुको मत, ऊपर लो!"

वहिनींनी गाडी बंद केली आणि चावी काढून मुठीत धरली.

"पयले त्याले बाजूले करा, साहेब."

तेवढ्यात वेळ संपली. त्या खेपेला त्या नापास झाल्या, पुढच्या खेपेला पास.

त्या नापास झाल्या त्या संध्याकाळी परतीच्या बसमध्ये मी म्हणालो, "वहिनी, माह्यामुळं तुमची परीक्षा गेली."

"पुना देतो नं. तुले काई झालं असतं तं तुह्या मायले मी काय सांगतलं असतं?"

माझ्या आईला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तरी बेला येईपर्यंत त्या तिच्याबद्दलच विचारत राहिल्या.