तांबड्या शाईतलं ‘आम्ही’

यवतमाळला गावाबाहेर ख्रिस्ती धर्मशिक्षणाची एक शाळा होती. खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांसाठी तिथे प्रचारक आणि प्रचारिका तयार होत. मी तिथे मराठीची शिक्षिका होते. वय सव्वीस, आणि व्याकरणाच्या बाबतीत नाकावर माशी बसू देत नसे. माझ्या आजोबांनी जानवं उतरवून बाप्तिस्मा घेतला होता. जानवं गेलं, पण बोलण्यातला तोरा काही गेला नाही. तो माझ्यापर्यंत शाबूत पोचला.

बायबलमधले संदेष्टे आणि स्तोत्रं शिकवायला एक उतारवयाचे गुरुजी होते. त्यांची पद्धत निराळीच. आठवडाभर ते न्यायावर बोलत: खोट्या मापाचा बाजार, विधवेला दारातून परतवणारे पंच. शुक्रवारी मात्र व्याख्यान बंद. ज्याने त्याने त्या पाठावर आपल्या गावच्या चालीत चार ओळी रचायच्या आणि उपासनेत पेटीवर, डफावर म्हणून दाखवायच्या. “जे गाता येत नाही ते तुम्हाला अजून कळलेलं नाही,” असं ते म्हणत. इतर शिक्षकांना हा पोरखेळ वाटे. खरं सांगायचं तर मलाही वाटे, कारण त्या ओळींतलं शुद्धलेखन तपासायचं काम माझ्या गळ्यात होतं.

त्या वर्गात केळापूरकडची एक बाई होती. चाळिशीची, विधवा. अक्षरओळख मोठेपणी झालेली, शुभवर्तमान पुढ्यात ठेवून. तिने आणि नवऱ्याने पूर्वीच बाप्तिस्मा घेतला होता. छप्पन साली तिच्या भावाने नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. अंगणाला अंगण लागून. इकडे प्रार्थना, तिकडे वंदना. विहीर मात्र दोन्ही घरांना तीच आणि तशीच. ओट्यावर चढायचं नाही. खाली घागर ठेवून उभं राहायचं. वरच्या बायकांपैकी कुणाला सवड झाली की ती वरून पाणी ओतणार.

“भाऊ म्हने, तुहा देव वरतं बसून राह्यते,” तिने एकदा भर वर्गात सांगितलं. “हिरीवर आपल्यासंगं काहून नाई उभा राहत? मले उत्तरच नाई आलं, गुरुजी.”

त्या उत्तरासाठी ती शिकायला आली होती. परीक्षेत उतरली की तिला तिच्याच गावात उपासना चालवण्याची परवानगी मिळणार होती. भावाने कबूल केलं होतं की उत्तर घेऊन आलीस तर तुझ्या अंगणात येऊन बसेन आणि ऐकेन. दोन वर्षं ती याच एका गोष्टीवर जगत होती, हे वसतिगृहातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

शेवटच्या परीक्षेत गुरुजींनी सर्वांना आपापल्या गावासाठी एक प्रार्थनागीत लिहायला सांगितलं. तिने लिहिलं:

आपण बा देवा, विहिरीच्या खाली
घागर ठेवली, उभे राहू
ओतील वरून, कोणी तरी पाणी
तोवर ना कोणी, एकला बा

आपण आणि आम्ही यांतला फरक हा माझा आवडता पाठ. ‘आम्ही जेवायला बसतो’ म्हटलं की समोरचा उपाशी राहिला. ‘आपण जेवायला बसू’ म्हटलं की त्याचाही पाट मांडला. हे उदाहरण मी दरवर्षी देई आणि वर्ग दरवर्षी हसे. आता प्रार्थनेत समोर असतो देव. त्याला ‘आपण’ म्हणायचं म्हणजे त्यालाच ओट्याखाली घागर घेऊन उभं करायचं. मला तर हसूच आलं. दोन वर्षं शिकवलं ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी, असं मनाशी म्हणत मी ‘आपण बा देवा’ तांबड्या शाईने खोडलं आणि वर लिहिलं, ‘आम्ही सारे देवा’. अक्षरं सहाची सहाच बसली. छंदाला धक्का न लावता चूक दुरुस्त केल्याचा मला केवढा अभिमान वाटला!

परीक्षक म्हणून बाहेरगावचे एक वडीलधारे पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, आले होते. तोंडी परीक्षेच्या दिवशी त्यांनी तिचा कागद उचलला. खोडलेली ओळ पुन्हा पुन्हा वाचली. आम्ही दोघे शिक्षक बाजूला बसलो होतो आणि ती समोर, पदर सावरून.

“देव पाणी देणारा,” ते म्हणाले. “तो घागर घेऊन उभा राहतो? हे जाणूनबुजून लिहिलं असेल तर ही भलतीच शिकवण झाली. अशा हाती उपासना देता येणार नाही. नुसती भाषेची चूक असेल तर प्रश्न मिटला.”

गुरुजी बोलायला लागले. पाळकांनी हात वर केला. “तुमचा शिष्येवर लोभ आहे, ते दिसतंच आहे. भाषेच्या बाई सांगतील.”

ते माणूस म्हणून दुष्ट नव्हते. त्यांच्या आजोबांनीही आयुष्यभर ओट्याखालूनच पाणी घेतलं होतं, हे मला पुढे कळलं. कष्टाने वर आलेल्या माणसाला आपला देव पुन्हा खाली उतरलेला बघवला नसेल. पण त्या वेळी मला फक्त एवढंच दिसत होतं की तिची दोन वर्षं माझ्या एका शब्दावर टांगली आहेत.

“व्याकरणाची चूक आहे,” मी म्हणाले. “इकडच्या बोलीत आपण आणि आम्ही यांची गल्लत होते.”

हे धडधडीत खोटं होतं. अशी गल्लत इकडे कुणी करत नाही. तान्ह्या पोराला सोडलं तर मराठीत कुणीच करत नाही. पण पाळक निवांत झाले, त्यांनी लेखणी उचलली. गुरुजी खाली बघू लागले.

ती उठून उभी राहिली.

“चूक नाई, बाई. म्या जानून लिवलं.” मग पाळकांकडे वळून म्हणाली, “क्रूसावर प्रभूले तहान लागली व्हती का नाई, बाबा? मंग थो कोठी उभा राहीन? दोरवाल्याइच्या बाजूनं का आमच्या?”

पाळकांनी तिचा कागद पुन्हा पुढ्यात ओढला. मग त्यांनी लेखणी टेकवली आणि तिच्या नावापुढे नापास लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पांढरकवड्याच्या गाडीसाठी निघाली, तेव्हा मी फाटकापर्यंत गेले. निरोप द्यायला नव्हे, भांडायला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी तिच्यासाठी खोटं बोलले होते आणि तिने मला सगळ्यांसमोर तोंडघशी पाडलं होतं.

“नुसतं गप्प बसली असतीस तर आज परवानगी हातात असती,” मी म्हणाले.

“मंग भावाले काय सांगतलं असतं, बाई?” ती म्हणाली. चिडून नाही, तिला खरंच माझ्याकडून ऐकायचं होतं. तिने माझ्या पायांना हात लावला आणि गेली.

गुरुजींनी तिचा कागद माझ्या टेबलावर आणून ठेवला. “हा तुमच्यापाशी असू द्या,” एवढंच म्हणाले. तो कागद मी फाडला नाही आणि उघडूनही पाहिला नाही. ‘आम्ही’चा पाठ मात्र मी त्यानंतर घाईघाईने उरकत असे. जेवणाचं उदाहरण देत नसे.

चार-पाच वर्षांनी पांढरकवड्याला मंडळीतल्या बायकांची सभा होती. सभा आटोपल्यावर मी चौकशी करत तिच्या गावी गेले. विहीर गावाच्या तोंडाशीच होती. चालून घसा सुकला होता. ओट्यावर एक शेतकरी घरची बाई पाणी काढत होती. तिने माझं पातळ पाहिलं, “कोठच्या, बाई?” विचारलं, माझी पुस्तकी मराठी ऐकली, आणि तिला काय ओळखायचं ते तिने ओळखलं. “या ना वरतं,” म्हणाली. मी चार पायऱ्या चढले आणि ओंजळीने पोटभर पाणी प्यायले.

तोंड पुसताना खालून तिचं ते गीत कानावर आलं. ओट्याच्या पलीकडे पाच-सहा बायका घागरी ठेवून उभ्या होत्या, आणि वेळ जावा म्हणून हळू आवाजात म्हणत होत्या. त्यांच्यात ती होती. केस पांढरे झाले होते. तिच्या शेजारची बाई ‘आपण’ मोठ्याने म्हणे, ‘बा देवा’ला ओठ मिटून घेई आणि ‘विहिरीच्या खाली’ला पुन्हा सुरू करी. ती तिची भावजय, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. तांबड्या शाईतली माझी दुरुस्ती तिथे कुणाच्याही तोंडी नव्हती.

तिने वर पाहिलं आणि मला ओळखलं. चेहरा फुलला.

“बाई! तुमी वरतंच सावलीत बसा. आमी येतोच पानी घेऊन.”

आमी. मला न धरता. जो फरक मी इतकी वर्षं शिकवला तो तिने मला एका शब्दात दिला, आणि तिच्या मनात काडीचाही राग नव्हता.

“यांनाही ओता की,” मी दोरवाल्या बाईला म्हणाले.

“ओततो न, माहं झाल्यावर,” ती म्हणाली.

मी पायऱ्या उतरले आणि वळसा घालून त्या बायकांत जाऊन उभी राहिले. दोरवाल्या बाईने माझ्याकडे पाहिलं. आपण कुणाला ओट्यावर घेतलं हे तिच्या ध्यानात आलं असावं. तिने दोर गुंडाळला, बादली उचलली आणि कुणाच्याही घागरीत थेंब न ओतता निघून गेली. ओटा रिकामा झाला. माझ्यामुळे या बायकांचं आजचं पाणी लांबलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“चुकलं माझं,” मी म्हणाले.

तिने पायाने आपली घागर जराशी सरकवली आणि माझ्यासाठी जागा केली.

“येईन कोनी तरी,” ती म्हणाली. “टाइम लागते, बाई. आपण उभे राहू.”