आत घालायचा सदरा

नेदरलँड्समधल्या आल्मेरेला आमच्या शेजारी घानाहून आलेलं कुटुंब राहतं. त्यांच्या मुलीच्या लग्नाला घालायला म्हणून शेजारच्या बाईंनी मला गळ्याभोवती रंगीत नक्षी असलेला सैल सदरा दिला. "याला दाशिकी म्हणतात. मूळ हाउसा भाषेतला शब्द, आत घालायचा कपडा," त्या म्हणाल्या. मग वर काय घालायचं ते कळेना, म्हणून मी स्वेटर चढवला. लग्नात पाहतो तर पुरुषांच्या अंगात नुसत्या दाशिक्याच.

"नक्षी का झाकलीत?" बाईंनी विचारलं.

"तुम्हीच आत म्हणालात."

"पूर्वी मोठ्या झग्याच्या आत घालायचे. आता असाच घालतात."

मी स्वेटर काढला, पण जेवण होईपर्यंत आपण बनियनवरच बसलोय असं वाटत राहिलं.